तहसीलसमोरचे झेरॉक्सवाले तात्या आणि त्यांचं 'म्हायत नाय' (रेटिंग पाचपैकी साडेचार)

दुकानाला नाव असेल पण पाटीवर नाहीये. पाटीवर फक्त 'झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, सातबारा, माहिती अधिकार' असं ओळीने लिहिलंय आणि त्यातलं लॅमिनेशन बंद पडून बरीच वर्षं झालीत. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात एसटी स्टँडवरून तहसीलकडे जो चढ जातो त्या चढाला डाव्या हाताला, चिऱ्याच्या दोन पायऱ्या आणि वर पत्रा. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे ऑफिसांबद्दल चार शब्द येणार आहेत आणि आमचं काम अजून तिथेच पडलंय, उगाच कोणाची खप्पामर्जी नको.

मॅपवर या दुकानाला एकाने एक स्टार दिलाय आणि खाली लिहिलंय 'मालकाला काहीच माहीत नसतं, काही विचारलं की माहीत नाही म्हणतो, टाइमपास.' ते वाचून मी हे लिहायला बसले. कारण माणूस 'माहीत नाही' म्हणतो हे शंभर टक्के खरं आहे, आणि माझ्या मते दुकान चांगलं असण्याचं तेच मुख्य कारण आहे.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. सातबाऱ्यावर माझे बाबा अज्ञान आहेत. वय बहात्तर, रिटायर होऊन जमाना झाला, दोन मुलींची लग्नं केली, सोसायटीचे सेक्रेटरी होते, पण गावच्या कलमांच्या जमिनीवर ते अजून अज्ञानच. नावापुढे अ.पा.क. आणि मग आजीचं नाव, आणि आजी जाऊन पण आता खूप वर्षं झाली. फॅमिली ग्रुपवर मी सातबाऱ्याचा फोटो टाकला तर अ.पा.क. म्हणजे काय यावर अर्धा दिवस गेला, एक चुलतभाऊ म्हणाला अपात्र कुळ, एकाने लिहिलं अधिकृत पाणी कनेक्शन, आणि गंमत म्हणजे एकानेही 'मला माहीत नाही' असं लिहिलं नाही, ज्याला माहीत नव्हतं त्याने अंगठा पाठवला.

तात्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि म्हणाले, "अज्ञान पालनकर्ता. तुमचे आजोबा वारले तेवा तुमचो बापूस बारको होतो, म्हणान आजयेचा नाव पालक म्हणान लागला. आता तां काढूक व्हया." झालं, एवढंच. बाबा बाजूला उभे होते, त्यांना जरा लागलंच ते अज्ञान वगैरे, तर तात्या त्यांना म्हणाले की तात्यानू, तुमका कोण येडो नाय म्हणणा, सरकाराक तुमचा वय म्हायत नाय येवढाच. (दोघंही एकमेकांना तात्यानूच म्हणत होते, तिथे साठीपुढचा प्रत्येक जण तात्या असतो.)

तर कायद्याच्या कागदात अज्ञान म्हणजे ज्याचं वय अठरा पूर्ण नाही तो, सज्ञान म्हणजे ज्याचं झालं तो. अकलेचा संबंध नाही. अठरा वर्षांचा हा जो नियम आहे तो १८७५ च्या कायद्यापासूनचा. आपण बोलताना लहान पोराला अज्ञान कधीच म्हणत नाही, अजाण म्हणतो, आणि मोठ्या माणसाला अज्ञानी म्हटलं तर भांडण होतं, पण सातबाऱ्यावर तोच शब्द निमूटपणे पन्नास साठ वर्षं बसून राहतो. कारण अठरा पूर्ण झाली की शेरा आपोआप जात नाही, अर्ज करावा लागतो, वयाचा पुरावा द्यावा लागतो. मग तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी फेरफार म्हणजे बदलाची नोंद धरतात, नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर ऑनलाईन पण होतो, वारस नोंद, बोजा (म्हणजे कर्जाची नोंद) कमी करणे यांच्याच यादीत 'अ.पा.क. शेरा कमी करणे' असं आहे. कोकणात निम्म्या सातबाऱ्यांवर हे असणार असं मला वाटतं, कारण माणसं मुंबईला, जमीन सामाईक, आणि कर्ज काढायचं किंवा विकायचं म्हटल्याशिवाय सातबारा बघतो कोण.

स्टँडजवळ दुसरं एक दुकान आहे, काचेचं दार, एसी, 'सर्व शासकीय कामे' अशी लाईटची पाटी, नाव लिहीत नाही. आम्ही आधी तिथेच गेलो होतो. तिथल्या मुलाला सगळं माहीत होतं. म्हणजे प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर तयार, अ.पा.क. म्हटल्यावर म्हणाला आधार लिंक झालं की ते आपोआप उडतं, काही करायला नको, तुम्ही फक्त हा फॉर्म भरा आणि पाचशे द्या. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते मी तिथे डोळ्यांनी बघितलं. आणि अशा माणसासमोर आपल्यालाच लाज वाटायला लागते, कारण त्याच्या बोलण्यात सारखं 'एवढं पण माहीत नाही तुम्हाला?' असतं. तात्यांच्या तोंडी हे वाक्य मी एकदाही ऐकलं नाही.

आता तात्यांच्या 'म्हायत नाय' बद्दल. ते जपून वापरतात तो शब्द. बाबांनी विचारलं हक्कसोडपत्राला स्टॅम्प किती लागेल, तर "माका म्हायत नाय, थंय मुद्रांकवाल्याक इचारा, बदलत रवता तां." एका बागायतदाराने विचारलं यंदा नुकसानभरपाई मिळणार का, तर "रवळनाथाक ठावक", म्हणजे ग्रामदेवालाच माहीत. हे दोन वेगळे आहेत बघा. पहिल्यात मला माहीत नाही पण कोणालातरी माहीत आहे आणि तो कुठे बसतो ते पण सांगितलं. दुसऱ्यात कोणालाच माहीत नाही, उगाच चकरा मारू नका. पुण्या-मुंबईकडे आपण दोन्हीला एकच 'नो आयडिया' लावून टाकतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे "तां माका सांगूचा नाय", म्हणजे माहीत आहे पण सांगणार नाही, आणि ते ते तसं स्पष्ट सांगतात, एकाने शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा किती आहे विचारलं तेव्हा हेच उत्तर मिळालं. सातबारा काय कोणीही ऑनलाईन बघू शकतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो, पण तात्या म्हणाले तुमी बघा, माझ्या तोंडान कित्याक.

समोरच्या ऑफिसातून माणूस बाहेर पडला की थेट या पायऱ्या चढतो, कारण आत जे उत्तर मिळालं त्याचा अर्थ इथे कळतो. मी बाकावर बसून बरंच ऐकलं. एक आजोबा आले, म्हणाले खिडकीवरचा पोरगा म्हणतो कल्पना नाही. तात्या म्हणाले तो नवीन आलाय बदली होऊन, त्याला खरंच माहीत नाही, त्याच्यावर चिडू नका, बाजूच्या टेबलवर विचारा. मग एक बाई, त्यांना 'बघावं लागेल' असं उत्तर मिळालेलं, तर "म्हायत आसा पण उठूचो कंटाळो, जेवणानंतर जावा." आणि 'तसं काही आमच्याकडे नसतं' असं कोणी म्हणालं तर ते असतंच पण दुसऱ्या खोलीत. हा सगळा त्यांचा अनुभव, शास्त्र नव्हे, पण बाई जेवणानंतर गेल्या आणि कागद घेऊनच खाली आल्या.

लेखी उत्तरांचं तर वेगळंच प्रकरण आहे आणि तात्यांची खरी हुशारी तिथे दिसते. माहिती अधिकाराचे अर्ज ते टाईप करून देतात. मी असताना एका वाडीतले तिघं आले, पाखाडीचं (म्हणजे वाडीतल्या पायऱ्यांच्या वाटेचं) काम मंजूर होऊन झालंच नाही अशी तक्रार. त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणलेलं, 'आमच्या वाडीची पाखाडी का झाली नाही याचा खुलासा व्हावा व जबाबदार कोण'. तात्यांनी पेन घेतलं आणि पहिला 'का' खोडला. मग 'खुलासा' खोडला. मग 'जबाबदार कोण' खोडलं. तिघांची तोंडं बघण्यासारखी झाली, कारण कागदावर पाखाडी सोडून काही उरलंच नाही. तात्या म्हणाले 'का' इचारलास तर ते लिवतत प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही, आणि सुटतत. कायद्यात माहिती म्हणजे जे रेकॉर्डवर आहे ते, कागद, नोंद, आदेश, नकाशा. साहेबाच्या मनात काय आहे ती माहिती नव्हे. मग त्यांनी लिहिलं, अमुक कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातल्या नोंदी आणि दिलेल्या देयकांच्या छायांकित प्रती मिळाव्यात. बस. आता त्यांना उत्तर द्यावंच लागेल, आणि काम न करता बिल निघालं असेल तर मोजमाप पुस्तकात कोणी काय मोजलं ते दिसेल. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. आणि हो, ते शब्द मोजतात, महाराष्ट्राच्या नियमात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा म्हणून. पेनाने ठिपके देत मोजतात, कॉम्प्युटर शब्द मोजतो हे त्यांना माहीत आहे पण विश्वास नाही.

त्यांच्याकडे एक जाडी फाईल आहे, त्यात आलेल्या उत्तरांच्या झेरॉक्स, नावं काळ्या स्केचपेनने खोडलेली. ती चाळायला मिळाली तर नक्की चाळा. 'निरंक'. 'उपलब्ध नाही'. 'अभिलेखात आढळून येत नाही'. 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही'. 'माहिती संकलित स्वरूपात ठेवण्यात येत नाही'. सगळ्यांचा अर्थ आपण घरी नेऊन एकच काढतो, की नाही म्हणाले. तात्या म्हणतात नाय ओ, ह्यात खूप फरक आसा.

निरंक म्हणजे शून्य. किती पाखाड्या पूर्ण झाल्या याला निरंक असं उत्तर आलं तर ती पक्की माहिती झाली, सहीशिक्क्यानिशी, एकही झाली नाही. ती जपून ठेवायची. 'संबंधित नाही' असं आलं तर रागवायचं कारणच नाही, कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो अर्ज पाच दिवसांत योग्य त्या ऑफिसकडे पाठवायला हवा, तुम्हाला परत पाठवायचा नाही. 'संकलित नाही' म्हणजे कागद आहेत पण त्यांची बेरीज कोणी केलेली नाही, मग म्हणायचं की मला बघायला द्या, मी करतो बेरीज. कागद बघायचा, टिपणं काढायचा हक्क पण कायद्यातच आहे. आणि 'आढळून येत नाही' हे मला सगळ्यात आवडलं. तात्या विचारतात नष्ट केलं की सापडत नाही ते आधी ठरवा. कारण सरकारी कागदांची वर्गवारी असते, अ म्हणजे कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, असं खाली उतरत ड एक वर्ष. मुदत संपून नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद असते, तारीख असते, ती मागायची. आणि मुदत संपली नसेल आणि सापडत पण नसेल तर तो गहाळ झाला, आणि गहाळ हा शब्द लेखी द्यायला कोणी सहजासहजी तयार होत नाही, कारण महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा वेगळा कायदा आहे आणि कागद हरवणं हे आता नुसतं हळहळून सोडून देण्यासारखं राहिलेलं नाही. म्हणून 'आढळून येत नाही'. म्हणजे कागद आहे, आम्ही पण आहोत, फक्त आमची भेट होत नाहीये.

आणि तीस दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर? कायदा गप्प बसण्याला नकार मानतो. मग तीस दिवसांच्या आत पहिलं अपील. त्याचा नमुना पण तात्यांकडे तयार असतो, फक्त तारखा घालायच्या.

आता आमच्या वंशावळीकडे येते कारण तिथे आमचं दोन तास भांडण झालं. वारस नोंदीसाठी वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र हवं होतं. बाबांचे एक चुलते बोटीवर खलाशी होते, मुंबई बंदरातून गेले ते गेले, परत घरी पत्र नाही की खबर नाही. बाबा म्हणाले लिहा 'अविवाहित मयत', आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच म्हणतात. तात्यांनी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"मयत? दाखलो आसा?"

नाही.

"कोणी बघलो?"

नाही.

"आणि अविवाहित तुमका कसा म्हायत? खलाशी माणूस. खयच्या बंदरात काय केल्यान ता तुमका घराकडे बसान कळला?"

बाकावरचे सगळे हसले, बाबा पण हसले आणि मग चिडले, की अहो आख्ख्या गावाला माहीत आहे. तात्या म्हणाले गावाक म्हायत नाय, गाव म्हणता. मला हे वाक्य फार पटलं. ऐकीव आणि माहीत यात आपण घरात फरक करतच नाही, चार वेळा ऐकलं की ते माहीत होतं. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी जी ओळ असते ना, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे', ती आपण न वाचता खाली सही मारतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माहिती म्हणजे मला स्वतःला कळलेलं आणि समजूत म्हणजे मी ऐकलं आणि खरं मानलं. खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा आहे, म्हणून ही ओळ आपली ढाल आहे असं तात्यांचं म्हणणं, आणि ते ती प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवतात.

मग काय लिहायचं यावर चर्चा. बेपत्ता? तो पोलिसांचा शब्द, तक्रार दिली होती का, नाही. परागंदा? तो आमच्या आत्येचा आवडता शब्द पण त्यात कायतरी लफडं करून पळाल्याचा वास येतो. शेवटी लिहिलं, 'मुंबई येथे बोटीवर नोकरीस गेले, तेव्हापासून त्यांचा ठावठिकाणा माझ्या माहितीत नाही.' सात वर्षं ज्यांना खबर मिळायला हवी त्यांना काहीच खबर नसेल तर माणूस हयात नाही असं कोर्ट धरून चालू शकतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात १११. पण ते कोर्टाने म्हणायचं, आम्ही झेरॉक्सच्या दुकानात नाही, आणि कधी वारले हे तर त्यातूनही ठरत नाही. वकिलाकडे जा म्हणाले. कोणत्या? "तां माका सांगूचा नाय."

आत्येचं पण सांगायला हवं. बाबांची बहीण, ऐंशीच्या आसपास, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि चष्म्याची डबी घेऊन आली होती. तिचा हक्कसोडचा ड्राफ्ट करायचा असं घरात ठरलेलं, म्हणजे तिला सोडून बाकी सगळ्यांनी ठरवलेलं. ती आल्या आल्या म्हणाली, "मी अडाणी बाई, माका काय ठावक." कोकणातल्या म्हाताऱ्या बायका हे वाक्य इतक्या सहज टाकतात की आपण खरंच त्यांना अडाणी समजून बसतो. अशा कागदांच्या शेवटी 'मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला' असं असतं, तात्यांनी तेवढ्यासाठी ड्राफ्ट सावकाश वाचला, मालवणीत अर्थ सांगत. आत्या खाली मान घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली व्हाळापलीकडची जी कलमां आसत ती ह्यात इली मा? आली होती. सर्व्हे नंबर तिला सांगता आला नाही पण कुठल्या गडग्यापासून कुठल्या वडापर्यंत ते तिने हाताने दाखवलं. मग म्हणाली, माका कायएक कळना नाय, मी जातंय, झील (म्हणजे मुलगा) इलो काय बघुया. आणि गेली. वेड पांघरून पेडगावला जाणं यापेक्षा सुंदर मी बघितलेलं नाही. बाबा दोन दिवस बोलले नाहीत पण माझं स्पष्ट मत आहे की तिने बरोबर केलं, वडिलांच्या मिळकतीत मुलीचा हक्क आहे तर आहे, २००५ च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जितमध्ये पण मुलगा मुलगी सारखेच, आणि हक्क सोडायचा तर तो माणसाने समजून उमजून सोडावा, सगळे चहा पिऊन निघालेत म्हणून नव्हे. तात्यांनी त्या ड्राफ्टचे पैसे घेतले नाहीत, सही झाली नाही म्हणजे काम झालं नाही म्हणाले.

आता अर्धा स्टार का कापला. एक तर प्रायव्हसी नावाची गोष्टच नाही. तुमचा अर्ज मोठ्याने वाचला जातो, बाकावरचे पाच जण त्यावर मत देतात, आणि दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात कोणीतरी विचारतं काय मग खलाशी सापडला का. ज्यांना भाऊबंदकीचं नाजूक काम आहे त्यांनी सकाळी दुकान उघडतानाच जावं. दुसरं म्हणजे टायपिंग अजून जुन्या फॉन्टमध्ये, पेन ड्राईव्हवर फाईल घेतलीत तर घरच्या लॅपटॉपवर सगळं चिनी दिसतं, त्यामुळे तिथेच पीडीएफ करून घ्या, दोनदा सांगावं लागतं. झेरॉक्स मशीनचा टोनर संपत आलेला असतो, सातबाऱ्याच्या प्रतीवर मधे एक पांढरा पट्टा येतो आणि नेमका क्षेत्राच्या आकड्यावर. लाईट गेली की इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, झेरॉक्स नाही. पावसात लाईट जातेच. क्यूआर कोड लावलेला आहे पण रेंज दुकानाच्या बाहेर पायरीवर येते, म्हणून सुट्टे घेऊन जा. आणि कुठलंही काम सुरू करायच्या आधी तुम्ही खयचे, खयची वाडी, कोणाचे कोण हे होतंच, त्यात वीस मिनिटं धरा.

शुद्धलेखनाबाबत पण कडक आहेत, हे चांगलं की वाईट तुम्ही ठरवा. मी मोबाईलवर 'माहित नाही' असं टाईप करून दाखवलं तर त्यांनी 'ही' दीर्घ करायला लावली, माहिती मधला ऱ्हस्व, माहीत मधला दीर्घ. तहसीलात कोणी बघणार आहे का ते? ते म्हणाले मी बघतंय.

रेट वाजवी आहेत. झेरॉक्स दोन रुपये, टायपिंगचं पान चाळीस, माहिती अधिकाराचा अर्ज स्टॅम्प सोडून पन्नास, प्रतिज्ञापत्राचं पानावर. 'करून देतो, वर किती ते बघू' असलं काही इथे चालत नाही, ओळखीने काम होईल का विचारलंत तर ऐकू न आल्यासारखं करतात.

आमचा अ.पा.क.चा अर्ज भरून झालाय, नोटीस निघालीय, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर बाबा सज्ञान होतील. वारस नोंदीचं अजून लटकलंय, ते कोर्टाचं काम.

ते एक स्टारवाले कोण आहेत मला माहीत नाही, पण मी त्या बाकावर बसून ऐकलंय त्यावरून सांगते, त्यांनी बहुतेक विचारलं असणार की काम कधी होईल. त्याचं उत्तर त्या रस्त्यावर कोणाकडेच नाहीये, स्टँडजवळच्या त्या काचेच्या दारामागे सोडलं तर.

जाणार असाल तर आठवडी बाजाराचा दिवस टाळा, तेव्हा पायरीवर उभं राहायला जागा नसते. गणपतीत दुकान पूर्ण बंद. वयाच्या पुराव्याला शाळा सोडल्याचा दाखला मूळ न्या, मोबाईलमधला फोटो चालत नाही, आणि झेरॉक्स मात्र शेजारच्या स्टेशनरीतून काढून आणा, तिथे पट्टा येत नाही.